ब्लॅक कॅव्हिअर: पागेच्या दारातल्या घोडीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची पागा अलिबागजवळ नागावला, समुद्रापासून नारळाच्या दोन वाड्या सोडून. किनाऱ्यावर घोडागाडी चालवणं हा घरचा धंदा. पागेच्या दारावर एका घोडीचा मोठा फोटो लावलाय. सुट्टीच्या दिवसांत पाहुणे गाडीत बसण्याआधी त्या फोटोपाशी थांबतात आणि विचारायला लागतात. आता गावातली शर्यतीच्या नादाची पोरंही येऊन विचारतात. एकच गोष्ट दहा वेळा अर्धी सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावी म्हणून हे.

ही घोडी कोणाची? आपल्याकडची आहे का?

नाही, ऑस्ट्रेलियाची. नाव ब्लॅक कॅव्हिअर. जन्म १८ ऑगस्ट २००६, व्हिक्टोरिया राज्यातल्या नागाम्बी गावाजवळ. एप्रिल २००९ ते एप्रिल २०१३ या चार वर्षांत ती २५ शर्यती धावली आणि २५ च्या २५ जिंकली. त्यातल्या १५ शर्यती ग्रुप वन, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या. नागाम्बीत आता तिचा ब्राँझचा पुतळा आहे.

नावात ब्लॅक आहे, पण फोटोत तर ती तपकिरी दिसते. आणि कॅव्हिअर म्हणजे काय?

रंग गडद तपकिरीच, पावसात भिजलेल्या सागाच्या खोडासारखा. कॅव्हिअर म्हणजे गाबोळी. स्टर्जन नावाच्या माशाची खारवलेली गाबोळी युरोपात फार महाग विकली जाते. घोडीच्या आईचं नाव हेलसिंगे, हे डेन्मार्कमधल्या एका गावाचं नाव. आजीचं नाव स्कँडिनेव्हिया. त्या उत्तरेकडच्या नावांवरून मालकांना कॅव्हिअर सुचलं. जॉकीच्या, म्हणजे शर्यतीत घोड्यावर बसणाऱ्या स्वाराच्या, अंगातला सदराही तसाच: सामन माशाच्या मांसाचा गुलाबी-केशरी रंग आणि त्यावर काळे ठिपके. पुढे लोक तेच ठिपके मिरवत, तसेच झेंडे घेऊन रेसकोर्सवर यायला लागले. आमच्याकडे कोळीणबाईंना हे सांगितलं की त्यांना घोडी लगेच आपली वाटते.

तबेल्यात मात्र तिला साधं ‘नेली’ म्हणायचे.

मालक कोणी राजा-बिजा होता का?

मुळीच नाही. काही मित्रांनी आणि त्यांच्या घरच्यांनी भागीदारीत घेतलेली घोडी. तळकोकणात रापणीत जसा प्रत्येकाचा वाटा असतो, तसा. ती दीड वर्षाची असताना २००८ साली मेलबर्नच्या लिलावात पीटर मूडी या ट्रेनरने २ लाख १० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरला उचलली. रक्कम लहान नव्हती, पण त्या बाजारात डोळे फिरवणारीही नव्हती. पुढे तिने बक्षिसांतच ७९ लाख डॉलरच्या वर कमावले.

बाप बेल एस्प्री हा स्वतः कमी अंतराचा चांगला धावणारा होता. आईकडचा तिचा भाऊ ऑल टू हार्ड यानेही ग्रुप वन शर्यती मारल्या. म्हणजे रक्तात होतंच. पण रक्तात असलेली शंभर शिंगरं दर वर्षी लिलावात येतात. त्यांचं पुढे काय होतं हे त्यांना हाताळणाऱ्या माणसावर ठरतं, आणि या घोडीबद्दल मला सगळ्यात जास्त तेच सांगायचंय.

थरोब्रेड म्हणजे काय? तुमचे घोडे थरोब्रेड आहेत का?

ब्लॅक कॅव्हिअर थरोब्रेड होती. ही इंग्लंडमध्ये सतराव्या-अठराव्या शतकात शर्यतीसाठीच तयार झालेली जात. आजच्या प्रत्येक थरोब्रेडची बापाकडची वंशावळ तीन घोड्यांपैकी एकापाशी जाते: डार्ली अरेबियन, गोडॉल्फिन अरेबियन आणि बायर्ली टर्क.

आमचे घोडे मिश्र रक्ताचे, काटक, वाळूला सरावलेले. मुंबई-पुण्याच्या शर्यतीतून निवृत्त झालेला एखादा थरोब्रेड कधीकधी गाडीवाल्यांकडे येतो. तो ओळखायला सोपा: पाय लांब, कातडी पातळ, नस न् नस दिसते, आणि पहिल्या भरतीचा आवाज ऐकून कान टवकारून उभा राहतो. अशा घोड्याला लगेच गाडीला जुंपू नये. त्याला आधी महिनाभर समुद्र नुसता बघू द्यावा.

स्प्रिंटर म्हणजे काय? सगळेच घोडे पळतात की.

पळतात, पण अंतराअंतरात फरक आहे. डर्बी २४०० मीटरची, तिथे दम राखावा लागतो. स्प्रिंटरचं काम १००० ते १२०० मीटरचं. गेट उघडलं की वेग, आणि शेवटपर्यंत वेगच. ब्लॅक कॅव्हिअरच्या जवळजवळ सगळ्या शर्यती याच पट्ट्यातल्या. १४०० मीटरची ती एकदाच धावली, फेब्रुवारी २०१२ मध्ये ऑर स्टेक्समध्ये, आणि तीही जिंकली.

घोड्याच्या शरीराच्या दोन गोष्टी कळल्या की स्प्रिंट समजते. एक, घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकाने. चौखूर धावताना प्रत्येक ढांगेला एकच श्वास. पुढचे पाय टेकले की श्वास बाहेर, उचलले की आत. दोन, घोड्याच्या प्लीहेत तांबड्या पेशींचा मोठा साठा असतो. जोर लागला की प्लीहा आवळते आणि तो साठा रक्तात सोडते. माणसाला अशी जादा टाकी नाही. त्यात भर म्हणजे मागच्या पुठ्ठ्यांचे झटक्यात आवळणारे स्नायू. ब्लॅक कॅव्हिअर साडेपाचशे किलोंच्या वरची घोडी, आणि त्यातला केवढा भाग मागच्या पुठ्ठ्यांत होता ते फोटोत बघा. पाठीमागून पाहिलं तर बैलासारखी रुंद.

तिचा वेग किती होता?

१६ फेब्रुवारी २०१३ ला मेलबर्नच्या फ्लेमिंग्टनवर तिने १००० मीटर ५५.४२ सेकंदांत पार केले. तो तिथला विक्रम ठरला. जागेवरून सुटून सरासरी ताशी ६५ किलोमीटर होतात. त्या शर्यतीचं नाव लायटनिंग स्टेक्स, आणि त्याच वर्षी शर्यतीच्या नावात तिचं नाव घातलेलं. स्वतःच्या नावाच्या शर्यतीत धावून ती जिंकली.

पोरांना मी असं सांगतो: किनाऱ्यावर एक किलोमीटर मोजा, मोबाईलवर घड्याळ लावा आणि मोटारसायकल ६५ वर ठेवून जा. मग कळतं.

सगळ्या शर्यतींची नावं सांगाल?

सगळी नाही, ठळक सांगतो. पहिली धाव १८ एप्रिल २००९, फ्लेमिंग्टन, १००० मीटर, पाच लेंथने विजय. लेंथ म्हणजे एका घोड्याची लांबी, साधारण आठ फूट. पहिली ग्रुप वन नोव्हेंबर २०१० मध्ये, पॅटिनॅक फार्म क्लासिक. ती पुढच्या वर्षी परत जिंकली. लायटनिंग स्टेक्स तीनदा, २०११, २०१२ आणि २०१३. विल्यम रीड आणि टी. जे. स्मिथ प्रत्येकी दोनदा. २०११ ला न्यूमार्केट हँडिकॅप, पाठीवर ५८ किलो घेऊन. त्याच वर्षी ब्रिस्बेनला बी.टी.सी. कप. २०१२ च्या एप्रिल-मे महिन्यांत ॲडलेडला दोन शर्यती, आणि त्यानंतर इंग्लंड.

हँडिकॅप म्हणजे काय तेही लगेच सांगतो, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन, कमी ताकदीच्या घोड्यावर कमी. शर्यत चुरशीची व्हावी म्हणून जॉकीच्या खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या ठेवतात. न्यूमार्केटच्या दिवशी तिच्यावर मैदानातल्या इतरांपेक्षा वजन जास्त होतं. तरी जॉकी न हलता बसलेला.

तिच्यासमोर धावणारे घोडे कमजोर होते का?

हा प्रश्न ऐकला की मला ‘हे लिस्ट’ नावाचा घोडा आठवतो. दांडगा, स्वतः ग्रुप वन जिंकलेला. सुरुवातीपासून पुढे राहायचा, आणि शेवटच्या दोनशे मीटरला ती शेजारी येऊन निघून जायची. असं पुन्हा पुन्हा झालं. २०१२ मध्ये ती नव्हती त्या न्यूमार्केट हँडिकॅपमध्ये तो जिंकला, तेव्हा मला फार बरं वाटलं. दुसऱ्या कोणत्याही काळात जन्मला असता तर आज लोक त्याचा फोटो दाराला लावून बसले असते.

२५ हा जगातला विक्रम आहे का?

नाही. हंगेरीची किंसेम ही घोडी एकोणिसाव्या शतकात ५४ शर्यती धावली आणि सगळ्या जिंकली. ऑस्ट्रेलियातच पुढे विंक्स नावाच्या घोडीने लागोपाठ ३३ जिंकल्या, पण ती आधी हरलेली होती. ब्लॅक कॅव्हिअरच्या आधी त्या भागातला सलग विजयांचा विक्रम १९ चा होता, डेझर्ट गोल्ड आणि ग्लोमिंग या दोघांच्या नावावर. तो तिने २०१२ च्या एप्रिलमध्ये ॲडलेडला मोडला.

चार वर्षांत फक्त २५? आमच्याकडे बैल एका हंगामात त्याहून जास्त पळतात.

हाच खरा प्रश्न आहे, आणि गावातल्या पोरांनी हे उत्तर नीट वाचावं.

तिच्या शर्यतींच्या तारखा एका ओळीत मांडल्या तर मोकळ्या जागा दिसतात. सप्टेंबर २००९ नंतर पुढची धाव जानेवारी २०१०. त्यानंतर एकदम ऑक्टोबर २०१०, म्हणजे जवळजवळ नऊ महिने काहीच नाही. घोडी अपराजित, वय चार, अंगात वीज, आणि तरी ती कुरणात उभी. कारण तिला दुखापती झाल्या होत्या. एवढ्या वजनाची आणि एवढ्या ताकदीची घोडी स्वतःच्याच जोराने स्वतःचे स्नायू आणि स्नायुबंध फाडते. तो काळ मूडीने बक्षिसाच्या मागे न लागता घालवला. त्या नऊ महिन्यांनंतर ती सलग वीस शर्यती जिंकली.

आमच्याकडे मे महिन्यात काय होतं ते मी लहानपणापासून बघतोय. पर्यटक आहेत तोवर घोडा जुंपलेला. सकाळी लंगडला तर दुपारी चोळून परत गाडीला. माझ्या हातूनही हे झालंय, एका घोडीच्या बाबतीत, आणि ती पुढे कधी सरळ चालली नाही. त्यानंतर मी हा फोटो लावला. आता आमच्याकडे एक दिवस काम, एक दिवस सुट्टी. धंदा थोडा कमी होतो. घोडे दहा-दहा वर्षं टिकतात.

इंग्लंडमध्ये ती हरता हरता वाचली म्हणतात. नक्की काय झालं?

शर्यत होती २३ जून २०१२, रॉयल ॲस्कॉट, डायमंड ज्युबिली स्टेक्स, सुमारे १२०० मीटर. ऑस्ट्रेलियाहून इंग्लंड म्हणजे विमानाने एक दिवसाहून जास्त प्रवास. घोड्याला त्यात आडवं होता येत नाही, उभ्यानेच जायचं. तिला अंगाला घट्ट बसणारा खास पोशाख घातला होता, पायांपासून मानेपर्यंत, स्नायूंना आधार राहावा आणि रक्त फिरत राहावं म्हणून.

ॲस्कॉटचा रस्ता सरळ, पण शेवटाला चढ. गवत पावसाने जड. तिला घरच्या कडक, सपाट मैदानांची सवय. ओहोटीनंतरच्या ओल्या घट्ट पुळणीवर पळणारा घोडा भुसभुशीत कोरड्या वाळूत आणला की कसा होतो, तसं समजा. पाऊल पडतं तेवढं परत येत नाही.

आमच्याकडे तेव्हा रात्र होती, पाऊस धो धो, घोडे आत बांधलेले. मी एका मित्राकडे बसून ती शर्यत पाहिली. दोनशे मीटर राहिले असताना ती पुढे आली आणि मला वाटलं झालं. पण नेहमीसारखी सुटली नाही. नेहमी ती पुढे गेली की मागच्यांचं अंतर वाढत जातं, त्या दिवशी वाढेना. शेवटच्या काही ढांगांत जॉकी ल्यूक नोलनने हात सैल सोडले, जिंकलो असं समजून. घोडीने ते लगेच ओळखलं आणि ती मंदावली. मागून दोन फ्रेंच घोड्या, मूनलाइट क्लाउड आणि रेस्टियादार्जां, धावत आल्या. नोलनने परत लगाम हाताळला, आणि रेषेवर तिचं डोकं पुढे होतं. फक्त डोकं. फोटो बघून निकाल लागेपर्यंत आम्ही दोघं उभे होतो.

नंतर तपासणीत कळलं की तिच्या मागच्या मांडीचा स्नायू मोठा फाटला होता आणि आणखी एक स्नायूही दुखावला होता. म्हणजे ती शर्यत तिने तसल्या अंगाने पुरी केली.

मग चूक जॉकीची म्हणायची का?

नोलनने स्वतः सगळ्यांसमोर आपली चूक मान्य केली, सबबी न सांगता. माझं मत वेगळं आहे. हात सैल सोडणं चूकच, पण आधीच्या कितीतरी शर्यतींत त्याने तिला शेवटी असंच सैल सोडून जपलं होतं. घोडी शिल्लक राहावी म्हणून. ती सवय त्या एका दिवशी अंगाशी आली. तिला चाबकाने मारून दर वेळी दोन लेंथ जास्त काढल्या असत्या तर ती ॲस्कॉटपर्यंत पोचली असती का, याचा विचार करा.

फोटोत तिच्या नाकावरून हात फिरवणारी आजी कोण?

इंग्लंडची तेव्हाची राणी, दुसरी एलिझाबेथ. ॲस्कॉटच्या त्याच दिवशीचा फोटो. राणी स्वतः घोडे पाळणारी, म्हणून हात कसा पुढे केलाय बघा: खालून, हळू, घोडीला दिसेल असा. लहान मुलांना मी तो हात दाखवूनच शिकवतो.

त्यानंतर ती धावली का?

जवळजवळ आठ महिने विश्रांती, आणि मग तीन शर्यती. लायटनिंग, विल्यम रीड, आणि १३ एप्रिल २०१३ ला सिडनीच्या रँडविकवर टी. जे. स्मिथ. तीन लेंथने जिंकली. चार दिवसांनी मालकांनी आणि मूडीने निवृत्ती जाहीर केली. तेव्हा ती दुखावलेली नव्हती, दमलेलीही दिसत नव्हती. तेव्हाच थांबवली.

तिच्यावर पैसे लावणाऱ्यांची चांदी झाली असेल?

नाही. सगळेच तिच्यावर लावायचे, त्यामुळे परत मिळायचं ते लावलेल्या पैशांपेक्षा नावापुरतं जास्त. बरेच लोक जिंकलेलं तिकीट वटवायचेच नाहीत, आठवण म्हणून घरी ठेवायचे.

तिची पिल्लं? ती अजून आहे का?

पहिलं शिंगरू २०१४ मध्ये, ओसिएट्रा नावाची शिंगी. हेही एका गाबोळीचंच नाव. तिने शर्यती जिंकल्या, आईएवढ्या नाही. आईएवढं कोणीच झालं नाही, आणि ती अपेक्षाही बरोबर नव्हती.

ब्लॅक कॅव्हिअर १७ ऑगस्ट २०२४ ला गेली, अठरावा वाढदिवस एका दिवसावर असताना. शिंगराला जन्म दिल्यानंतर, लॅमिनायटिसने. २०१३ मध्ये तिचा एक धाकटा भाऊ लिलावात ५० लाख डॉलरला गेला होता. तोही त्याच वर्षी याच आजाराने गेला.

लॅमिनायटिस म्हणजे काय? आपल्या घोड्यांना होतो का?

होतो, आणि नालबंद लोकांना तो चांगला माहीत असतो. खुराच्या आत हाड आणि बाहेरचं कवच यांना धरून ठेवणारे बारीक पापुद्रे असतात. ते सुजतात, मग सुटतात. सगळं वजन ज्यावर आहे तेच सुटलं की घोडा उभा राहू शकत नाही, आणि घोड्याला उभं राहता आलं नाही की बाकी शरीरही हार मानतं. चंदी जास्त झाली, व्यायल्यावर अंगात विष पसरलं, किंवा एका पायाच्या दुखण्याने दुसऱ्यावर भार आला, कशानेही सुरू होतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या एका घोडीला झाला. पहाटे खरारा करायला गेलो तर ती पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार टाचांवर घेऊन उभी होती. खुराला हात लावला. बाहेर पावसाळी गारठा, आणि खूर चुलीजवळच्या तपेल्यासारखा गरम. घोट्यामागे बोट ठेवलं तर नाडी थडथड उडत होती. आदल्या दिवशी पाहुण्यांनी तिला कौतुकाने पावाचे पुडेच्या पुडे चारले होते. डॉक्टर वेळेवर आले, पाय गार पाण्यात ठेवले, घोडी वाचली. ती आज फोटोसमोरच बांधलेली असते.

खरी शर्यत बघायची असेल तर कुठे जावं?

मांडव्याहून बोटीने गेटवे, तिथून महालक्ष्मी रेसकोर्स. मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, इंडियन डर्बी फेब्रुवारीत. पावसाळ्यात शर्यती पुण्याला असतात. पैसे लावू नका, कुंपणाला टेकून उभे राहा. १२०० मीटरची शर्यत निवडा आणि घोडे जवळून जाताना डोळे मिटा. जमीन पायाखाली हलते ती कळेल.

आमच्या घोड्याला किनाऱ्यावर असं पळवता येईल का?

वॉर्नामबूलसारख्या ऑस्ट्रेलियन गावांत शर्यतीचे घोडे समुद्रकिनाऱ्यावर सरावाला नेतात, त्यामुळे वाळू वाईट नाही. पण ओहोटी लागून तासभर झालेली, ओली, घट्ट पट्टीच घ्या. कोरड्या वाळूत पुढच्या पायांच्या शिरा ताणतात. सकाळी लवकर, माणसं नसताना. पळून आल्यावर खारं पाणी धुऊन काढा, खूर उचलून आत बघा. आणि तिसऱ्या दिवशी परत तेवढ्याच जोरात पळवायचं नाही.

जाताना घोड्याला काही खायला देऊ का?

गाजर, एक. पाव नको, बिस्किट नको. तळहात सपाट ठेवून, खालून, हळू द्या. त्याआधी आम्हाला विचारा.